जगातली पहिली बॅटरी आणि माझं शून्य

मागच्या शुक्रवारी शेवगावजवळच्या एका शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी परीक्षक होतो. लिहू की नको, असं चार दिवस चाललंय... शेवटी लिहितोच.

पहिला नंबर जिल्ह्याला जाणार होता. आठवीतल्या सानियाने जगातली पहिली बॅटरी मांडली होती, दोनशे वर्षांपूर्वी इटलीत रचली गेली ती. जुन्या सेलमधलं जस्त, अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातलं तांबं ठोकून केलेल्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या... सगळं अर्ध्या कापलेल्या पाइपात आडवं लावलेलं आणि टोकाला बारकासा एलईडी पेटलेला.

मला आवडलं, खरंच. पण फॉर्मवर 'नावीन्य' असा वीस मार्कांचा रकाना होता. हा शोध तर कधीच लागलाय, म्हणून तिथे शून्य टाकलं आणि पुढे सरकलो. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही... जेवणाची वेळ झाली होती.

नंबर आला शेजारच्या 'स्मार्ट व्हिलेज'ला. नगरहून विकत आणलेलं किट, सेन्सर, रंगीत लाइट, सगळं झकपक.

निकालानंतर ती सामान आवरत होती. सहज विचारलं, पुस्तकात तर चकत्या एकावर एक उभ्या रचल्यात, तू आडव्या का लावल्यास?

"उभ्या रचल्या की वजनानं खालच्या चिंध्या पिळून निघायच्या सर. पानी गळायचं, लाइट जायची. लई दिवस तसंच हुतं. मग आडवं करून पाह्यलं."

त्या पहिल्या बॅटरीची नेमकी हीच अडचण होती, आणि ती पेटीत आडवी मांडणं हा तिच्यानंतरचा शोध! या पोरीला तो कुणी सांगितला नव्हता. तिचा तिने लावला होता आणि मी शून्य देऊन जेवायला गेलो होतो.

पळत ऑफिसात गेलो. यादी जिल्ह्याला रवाना झालेली... बैल गेला अन् झोपा केला.

परत येऊन तिला म्हटलं, बेटा, चूक माझी झाली. तर तीच माझी समजूत घालायला लागली.

"आसू द्या सर. आमाला आता कळलं. फुडच्या साली मी बी विकतचंच आनते."

एकवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. पण तिला 'नको आणूस' म्हणायला तोंड उघडेना... पुढच्या वर्षीही फॉर्म हाच असणार, आणि परीक्षक माझ्यासारखेच.