सलाउद्दीनभाईंच्या हाताचा गुण

नाशिकला द्वारकेच्या चौकात कुठल्याही रिक्षावाल्याला ‘चाईवाले सलाउद्दीनभाई’ विचारा, तो हात लांब करून गल्ली दाखवील आणि तेवढ्यात तुमच्या डोक्याकडेही एकदा बघून घेईल. सलाउद्दीनभाईंचं काम दाढी-कटिंगचंच, पण नाव झालं ते चाईमुळे. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तिथले केस साफ गेले, की आपल्याकडे म्हणतात चाई लागली. चाई म्हणजे केस खाणारी कीड आणि ती कातडीखाली दबा धरून बसते, यावर नांदगावपासून नामपूरपर्यंत सगळ्यांचं एकमत. सलाउद्दीनभाई चट्ट्यावर वस्तरा हलकेच फिरवायचे, ठेचलेली लसणाची पाकळी खसाखसा चोळायचे आणि गिऱ्हाईक कण्हायला लागलं की समाधानाने म्हणायचे, मरतेय कीड. काही महिन्यांनी तिथे केस उगवायचे. गिऱ्हाईक पेढे घेऊन हजर व्हायचं आणि चारचौघांत सांगायचं, भाईंच्या हाताला गुण आहे. या गुणाचा त्यांनी कधी धंदा केला नाही. मान मात्र पुरेपूर घेतला.

घरात तेवढा मान नव्हता. बायको रोशनबी म्हणायची, लसणाच्या वासाने माझं डोकं उठतं, तुमचा गुण दुकानातच ठेवून येत जा. एकुलती एक मुलगी इन्शा नुसती हसायची. ती बी.एस्सी.ला होती, स्वभावाने गरीब. लहान असताना तिचे केस अब्बाच कापायचे, पुढे वेणी कमरेखाली गेली तरी टोकं सारखी करायचं काम त्यांच्याकडेच राहिलं.

मागच्या वर्षी वेणी घालताना रोशनबीला लेकीच्या कानामागे चट्टा दिसला. तिचं धाबं दणाणलं. सलाउद्दीनभाई मात्र हसले. खरं सांगायचं तर त्यांना आतून थोडा आनंदच झाला होता. आता बघा म्हणावं घरच्यांना, बाहेरचे लोक आपल्याला का मानतात ते! लगेच लसूण आला. कानामागचा चट्टा काही भरला नाही, वर टाळूवर दुसरा पडला. सलाउद्दीनभाई इरेला पेटले. कीड हट्टी आहे म्हणाले, लसूण वाढवला, वर फडकं बांधून ठेवायला लावलं. पोरीने ओठ दाबून सगळं सोसलं, कारण अब्बांवर तिचाही विश्वास होता. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर कातडी भाजल्यासारखी लाल झालेली आणि फोड आलेले. आणि केस जातच राहिले. वेणी गेली, मागोमाग भुवया गेल्या.

इन्शा ओरडली नाही की भांडली नाही. एका सकाळी लसणाची वाटी घेऊन आलेल्या बापाला ती शांतपणे म्हणाली, “अब्बा, यापुढे माझ्या डोक्याला हात लावायचा नाही.”

राग आहे, चार दिवसांत जाईल, असं सलाउद्दीनभाईंना वाटलं. मग ईद आली. ते नमाज पढून आल्यावर इन्शाने नेहमीसारखा सलाम केला, त्यांनी दुवा द्यायला नेहमीसारखा हात उचलला आणि ओढणी घट्ट धरून ती मागे सरकली. हात हवेतच राहिला. त्या हाताचं काय करावं ते न कळून त्यांनी स्वतःचा कान खाजवला.

डॉक्टर इन्शानेच शोधल्या. मोबाइलवर तिने या आजाराबद्दल बरंच वाचलं होतं, आईला घेऊन ती कातडीच्या डॉक्टर तेजल मॅडमकडे निघाली. सलाउद्दीनभाईंना कुणी चला म्हटलं नाही, तरी ते गेले आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले. मॅडमनी समजावून सांगितलं. चाई म्हणजे कीड नाहीच. बाहेरच्या रोगजंतूंशी लढायला शरीरात ज्या पेशी असतात, त्याच चुकून आपल्या केसांच्या मुळांवर तुटून पडतात. यात मुलीची चूक नाही आणि हे एकाचं दुसऱ्याला लागतही नाही.

सलाउद्दीनभाईंना राहवलं नाही. मग माझ्याकडे एवढे लोक बरे झाले ते कसे, असं त्यांनी विचारलं. मॅडम चिठ्ठी लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, “चाचा, लहान चट्टा असला तर बहुतेकांचे केस वर्षभरात आपले आपणच येतात. काही लावा, नाही तर लावू नका.”

त्यांना दुखवायचा मॅडमचा हेतू नव्हता. पण परतताना द्वारकेच्या गर्दीत रिक्षा अडकली आणि सलाउद्दीनभाईंना पेढे आणणारे चेहरे एकेक करून आठवायला लागले. आयुष्यभर ज्या गुणावर मिरवलो तो आपला नव्हताच. आणि फोड मात्र आपल्या हातचे होते, तेही पोटच्या पोरीच्या डोक्यावर.

इन्शाला नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मूळच्या संधिवाताच्या. त्या भरकटलेल्या पेशींना आवरतात म्हणून संशोधकांनी चाईच्या मोठ्या दुखण्यावर वापरून बघितल्या आणि कित्येकांचे केस परत आले. रोशनबीला पटेना, गुडघ्याची गोळी डोक्याला कशी चालेल? मॅडमनी आधी टीबीची, रक्ताची, लिव्हरची तपासणी करून घेतली आणि स्पष्ट सांगितलं, साधारण तिघांतल्या एकाचं डोकं चांगलं भरतं, बाकीच्यांना थोडाफार फरक पडतो किंवा पडतही नाही. गोळी सोडली तर आलेले केस पुन्हा जाऊ शकतात. सलाउद्दीनभाईंनी एवढ्यातून फक्त ‘एकाचं’ हा शब्द उचलला आणि तो एक म्हणजे आपली इन्शा, असं ठरवून टाकलं.

मग सुरू झाली चोरून बघण्याची कसरत. इन्शा कपडे वाळत घालायला लागली की यांना नेमकं गॅलरीत काम निघायचं. ओढणी सरकली की यांची मान लांब व्हायची. काही महिन्यांनी पांढरी मऊ लव दिसली, तेव्हा दुकानात त्यांनी विनाकारण सगळ्यांना चहा पाजला. भुवया तर छान काळ्याभोर आल्या. डोक्यावर मात्र इथे एक झुबका, तिथे एक झुबका, मधे सगळं मोकळं रान. त्यातलेही काही पुन्हा गळले. मॅडम म्हणाल्या, धीर धरा, काहींना वेळ लागतो.

अशात नामपूरहून धोंडीराम आला. कांद्याच्या गाडीसोबत नाशिकला येणारं जुनं गिऱ्हाईक, पूर्वी एकदा त्याच्या डोक्यावरची चाई भाईंनी ‘मारली’ होती. आता दाढीत चट्टा पडला होता. दुकान भरलेलं होतं. धोंडीरामने खिशातून लसणाची गड्डी काढून आरशासमोर ठेवली. सलाउद्दीनभाईंनी ती उचलून परत त्याच्या हातात दिली.

“धोंडीरामदादा, कीड नसते. तुमचे केस तेव्हा आपोआप आले होते. माझ्या लसणाने कुणाचंच काही झालं नाही, झालं ते वाईटच झालं. माझ्या मुलीचं डोकं मी जाळलं.”

धोंडीरामला वाटलं, म्हातारा आज कंटाळलाय. तो समजुतीने म्हणाला, “तुना हातले गुण शे, भाऊ. तू लाव.” भाईंनी मान हलवली आणि मॅडमच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. धोंडीराम फणकाऱ्याने उठला आणि लसूण घेऊन समोरच्या दुकानात गेला.

द्वारकेवर बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी ते घरी पोहोचण्याआधीच ती रोशनबीपर्यंत आली होती, म्हणजे इन्शापर्यंतही. जेवताना इन्शाने त्यांच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

सोमवारी दुकान बंद. सलाउद्दीनभाई गॅलरीत पेपर वाचत होते. इन्शा येऊन समोर उभी राहिली आणि तिने ओढणी काढली. इतक्या महिन्यांनी लेकीचं डोकं ते प्रथमच उजेडात नीट बघत होते.

“अब्बा, या झुबक्यांचा मला कंटाळा आलाय. गोळ्या घेईन मी, यायचे तेव्हा येतील. पण आज हे सगळं साफ करून द्या.”

ते म्हणाले, “पार्लरमधून करून घे, बेटा. माझा हात नको.”

“मला पार्लरवाली नकोय,” इन्शा म्हणाली. “तुम्ही करा.”

तिने स्वतःच स्टूल ओढलं आणि पाठ करून बसली. सलाउद्दीनभाईंनी साबणाने हात धुतले, नवं पातं लावलं. कोमट पाण्याने डोकं भिजवलं आणि कपाळापासून मागे, जिथे फोडांचे डाग होते तिथे श्वास रोखून, वस्तरा फिरवला. मधेच डोळे भरून आले, तेव्हा वस्तरा बाजूला ठेवून बाहीने पुसले. इन्शाने विचारलं, झालं का? ते म्हणाले, थांब, थोडं राहिलंय.

राहिलं काहीच नव्हतं. त्यांनी टॉवेलने डोकं टिपलं आणि भीत भीत त्यावर हात ठेवला. इन्शा हलली नाही. तिने मान किंचित मागे टेकवली आणि खालच्या गल्लीकडे बघत निवांत बसून राहिली.