माकडटोपी आणि मोठा दिवस

दिवस मोठा असला की कामगाराचं मन प्रसन्न राहतं, हे मी स्वतःची माकडटोपी जाळून सिद्ध केलेलं आहे.

तेरखेड्याच्या बाहेर माझ्या सासऱ्यांचं फटाक्यांचं छोटं काम आहे. मी तिथला घरजावई. (हा हुद्दा कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो, पण गावात सगळ्यांना पाठ असतो.) पुण्यातली नोकरी गेली, तेव्हा बायकोनं, म्हणजे सुनंदानं, मला इकडं आणलं आणि अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला कामावर देखरेखीला ठेवलं. माझ्यावर कुणी देखरेख ठेवायची याचा विचार मात्र दोघांनीही केला नाही. तिथंच चुकलं!

फटाक्याच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. शेडमध्ये दिवा चालत नाही. बल्ब नाही, कंदील नाही, मोबाईलसुद्धा गेटवरच्या पेटीत ठेवायचा. ऊन वर आलं की काम सुरू, आणि उजेड सरला की हात झाडून घरी. सूर्य हाच आमचा मुकादम. उन्हाळ्यात त्याची ड्युटी मोठी, म्हणून बाया दुपारी आरामात जेवतात, चार गोष्टी करतात आणि तरी उजेडातच घरी पोचतात. पौषात मात्र डबा उघडेस्तोवर दिवस कलतो, आणि मग सगळ्या मान खाली घालून नुसत्या हात चालवत राहतात.

त्या पौषात गोदाकाकू गप्प झाल्या.

गोदाकाकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. काका जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला, आपल्या वेगळ्या घरात त्या एकट्याच. सुनंदाची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा तिला न्हाऊमाखू घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं काकूंनी केलं. (माझ्याशी लग्न लावण्यातही त्यांचाच पुढाकार होता. तेवढी एक चूक सोडली तर बाई फार हुशार.) कागदाच्या नळ्या वळायच्या शेडमध्ये अगदी आतल्या कोपऱ्यात त्यांची जागा. तिथं बसून त्या दिवसभर सगळ्यांची खेचायच्या, आणि पहिला नंबर माझा असायचा. "जावईबापू, तुमी नळी वळू नगा, नळीला चक्कर येतीय!" हे रोजचं.

तर त्या काकू बोलेनाशा झाल्या. डबा अर्धा परत न्यायला लागल्या. एकदा नळ्या चुकीच्या मापाच्या झाल्या आणि तो माझा दोष असूनही त्या मला काही बोलल्या नाहीत. तेव्हा मी खरा घाबरलो.

एके दिवशी संध्याकाळी चहा घेताना त्या अण्णांना म्हणाल्या, "भाऊजी, संक्रांत झाली की म्या पुण्याला जाते. लेक कवाची बोलावतीय."

अण्णा बशीकडं बघत म्हणाले, "जावा की वहिनी. लेकीचं घर हाय." बोलले तसं, पण चहा तसाच ठेवून उठले.

काकू गेल्यावर सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. "लेकीच्या फ्लॅटात दिवसभर दार लावून बसणार काकू! लेक-जावई दोघं कामावर. मागच्या बारीला काकू चार दिवसांत पळून आली होती. अहो, ती गेली तर माझं माहेर गेलं! तुम्ही कायतरी करा ना."

'तुम्ही कायतरी करा' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगात बळ येतं. आजवर त्या बळातून जे जे निष्पन्न झालं, ते सगळं नंतर कुणीतरी दुसऱ्यानं निस्तरलेलं आहे.

पुण्याच्या कंपनीत एक मॅडम यायच्या आमचं मन प्रसन्न करायला. त्या म्हणायच्या, कर्मचाऱ्याला दिवसाचा उजेड जितका जास्त मिळेल तितकं त्याला बरं वाटतं, झोप लागते, कामात चित्त लागतं. (मॅडम हे तळघरातल्या हॉलमध्ये ट्यूबलाईटखाली सांगायच्या, ती गोष्ट वेगळी.) मला एकदम उलगडा झाला. काकूंना पुणं नको होतं, उजेड हवा होता! आणि उजेड वाढवायचा तर दिवस मोठा केला पाहिजे. एवढं साधं काम आजवर कुणी का केलं नाही, याचं मला नवल वाटलं.

पहिला उपाय म्हणून मी फर्मान काढलं, उद्यापासून सगळ्यांनी सहाला यायचं. दिवस लवकर सुरू झाला की आपोआप लांबेल. बाया बिचाऱ्या आल्या. बाहेर मिट्ट काळोख, हाडं गोठवणारी थंडी. दिवा लावायची सोय नाही, आणि फटाक्याच्या आवारात शेकोटी तर स्वप्नातसुद्धा पेटवायची नाही. सगळ्या डोक्यावरून शाली घेऊन ओट्यावर ओळीनं बसल्या, मयताला आल्यागत.

शेवटी शेवंता म्हणाली (ही आमच्याकडची सगळ्यात फटकळ बाई), "सायेब, दिस कुठाय?"

"येतोय."

"मंग तो आल्यावर आमी येतो की! त्येला आणाया आमीच पायजे व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पहिल्यासारख्या सूर्याबरोबर आल्या. मी मात्र सहाला जाऊन ओट्यावर बसलो होतो, कारण वेळ बदलल्याचं मला कुणी कळवलंच नाही.

दुसरा उपाय खिडकीचा. काकूंच्या मागची खिडकी कधीची खिळे मारून बंद होती. मी ती उघडली. उजेड आला, पण त्याच्या आधी वारा आला! रंगीत कागदांच्या पट्ट्या उठल्या आणि दारातून थेट शेजारच्या तुरीत गेल्या. अर्धा दिवस आम्ही सगळे तुरीत कागद वेचत होतो. शेतमालक बांधावर उभा राहून म्हणाला, "आवो पाव्हणं, ह्या वर्साला तूर काढायची का वरात?" खिडकी पुन्हा बंद केली, आणि ती का बंद होती हेही तेव्हाच कळलं.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, काय चाललंय तुमचं?"

"काकूंसाठी उजेड आणतोय."

अण्णा हळूच म्हणाले, "त्या ऱ्हात असतील तर आणा बाबा. पर सांभाळून." त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्याच आवाजानं मला तिसऱ्या उपायापर्यंत नेलं.

घराच्या माळवदावर जुनी डिश पडली होती, टीव्हीची. आणि कामावर चमकीचा कागद रग्गड, फटाक्यांच्या वेष्टणाचा. डिशीला आतून चमकी चिकटवली, बाजेच्या मोडक्या चौकटीवर ती बांधली आणि सकाळी दहाच्या सुमाराला नळ्यांच्या शेडच्या दारासमोर सूर्याकडं तोंड करून उभी केली. फटाक्यांची दारू भरायची शेड पार पलीकडं, मध्ये मोकळं रान, म्हणून मी निश्चिंत. जरा वाकवली, जरा फिरवली, आणि काय सांगू! उजेडाचा एक पट्टा सरळ आत शिरला आणि काकूंच्या कोपऱ्यात जाऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकूंनी मान वर केली.

"अगंबाई! ऊन कुठनं आलं?"

माझा ऊर भरून आला. डिशीला पाठ करून, कमरेवर हात ठेवून मी दारात उभा राहिलो. डोक्याला माकडटोपी होती, सुनंदानं विणलेली, वर भला मोठा लोकरीचा गोंडा असलेली. (मला थंडी लवकर बाधते. कौतुकही लवकर बाधतं.)

एवढ्यात काहीतरी करपल्याचा वास आला.

फटाक्याच्या कामावर करपल्याचा वास! माझं डोकंच फिरलं. "कुणी बिडी ओढली? सगळ्यांनी उभं राहायचं! कितीदा सांगितलंय! आपल्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जाईल, कळतं का?" मी एकेकीसमोर बोट नाचवत होतो. बाया उभ्या राहिल्या, पण माझ्या तोंडाकडं कुणीच बघेना. सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्याच्या वर.

"सायेब," शेवंता म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको!"

"बरं न्हाय बोलत. पर धूर तुमच्यातनंच निघाया लागलाय."

पुढचं फार वेगात झालं. "धूर!" असं कुणीतरी ओरडलं आणि शिकवल्याप्रमाणं सगळ्या बाया रानाकडं पळाल्या. काकू पळाल्या नाहीत. त्या भिंतीजवळच्या लाल बादल्यांकडं गेल्या. पहिली बादली वाळूची. ती माझ्या डोक्यावर. दुसरी पाण्याची. तीही माझ्या डोक्यावर. तिसरी त्यांनी एवढ्या जोरात मारली, की मी बाजूला झालो आणि ते पाणी थेट नळ्यांच्या ढिगावर गेलं. (हे मी मुद्दाम केलं नाही, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.)

आमच्या गावात धुराला कुणी हसत नाही. अण्णा अनवाणी पळत आले. शेडमध्ये बघितलं, रानात जाऊन एकेक बाई डोळ्यांनी तपासली, मग माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी माझी टोपी काढली, डोकं चाचपून बघितलं आणि भिजल्या चिखलात तसेच मटकन खाली बसले. मला फार लाज वाटली. सगळं ऊन माझ्या गोंड्यावर एकवटणारी ती डिश मी आपल्या हातानं उलटी केली आणि बाजेच्या त्या चौकटीवर पालथी घातली.

उठता उठता अण्णा म्हणाले, "नळ्या उन्हात घाला. आज शेडात कुणी जायचं न्हाय."

म्हणून मग त्या दिवशी सगळ्या बाया पटांगणात. तरटं अंथरली, ओल्या नळ्या पसरल्या, आणि नव्या वळायच्या त्याही उन्हातच बसून. पौषातलं ते कोवळं ऊन, पाठीला लागलं की डोळे मिटावेसे वाटणारं. मी एका बाजूला चिखल वाळवत उभा. काकूंनी माझ्याकडं बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो.

"जावईबापू," त्यांना श्वास घेता येईना, "आवं तुमी बिडी कुणी वडली म्हून इचारत व्हता, आन् शेंडी तुमचीच पेटली व्हती!"

मग जे हसू फुटलं ते कुणालाच आवरेना. शेवंता तर तरटावर लोळली. अण्णासुद्धा तोंड फिरवून खांदे हलवायला लागले. काकू हसता हसता खरंच रडायला लागल्या. सुनंदा डबा घेऊन आली होती, ती त्यांच्याजवळ बसली.

"काय झालं गं काकू?"

"काय न्हाय गं. लई दिसांनी ऊन लागलं अंगाला." काकूंनी डोळे पुसले. "सकाळी उजाडायच्या आधी सैपाक उरकायचा. ऊन पडतंय तवा म्या शेडात, आन् घरी जाती तवा अंधार. कुलूप उघडायचं, बटन दाबायचं, आन् बोलायचं कुणाशी? त्या बटनाशी? पुण्याला तरी कुणी दार उघडंल, म्हून निघाले व्हते."

अण्णा जवळ आले. "वहिनी, हे आधी का न्हाय सांगितलं?"

"उजेड काय मागायचा असतोय व्हय भाऊजी?"

त्या दिवशी सूर्य कासराभर वर असतानाच अण्णांनी काम बंद केलं. "जावा घरी. उजेड हाय तवर जावा," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच. नळ्यांचं काम थंडीत पटांगणात, उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीत, आणि सुटी उजेड शिल्लक असताना, हे तेव्हापासून ठरूनच गेलं. मी भीतभीत म्हणालो होतो, "अण्णा, अशानं काम मागं पडेल." ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्यामुळं जेवढं मागं पडलं, तेवढं काय उन्हानं पडणार न्हाय." आणि खरंच काही मागं पडलं नाही. उलट बाया बोलतात जास्त आणि नळ्याही जास्त होतात. हे कसं होतं, ते त्या मॅडमना विचारलं पाहिजे.

संक्रांत आली आणि गेली. काकू गेल्या नाहीत. दिवस मोठे झाले, तशी संध्याकाळी त्यांच्या माळवदावर कुरडया-पापडांची जत्रा भरायला लागली. कामावरून सुटून सगळ्या बाया तिथंच, अंधार पडेस्तोवर. काकूंच्या दाराला कुलूप कमी आणि चपला जास्त दिसायला लागल्या. आता त्यांची लेकच सुट्टीला इकडं येते. सुनंदा खूश. माझी छाती पुन्हा जरा फुगली. उपाय वाकडा असेल, पण निदान तर बरोबर होतं!

एकदा न राहवून मी विचारलंच. "काकू, खरं सांगा. उजेडानंच बरं वाटलं ना तुम्हाला?"

काकूंनी नळी वळता वळता माझ्याकडं बघितलं. "व्हय की. उजेड पायजेच. शेडातल्या अंधारात तुमी पेटलेलं इतकं झ्याक दिसलं असतं व्हय?"

पुन्हा पौष आलाय. सुनंदानं नवी माकडटोपी विणून दिलीय. गोंडा या वेळी मुद्दाम मोठा ठेवलाय. काकूंनीच सांगितलं म्हणे तिला, कामगारांच्या कल्याणासाठी!