नाक्यावरचं मीठ

जकात नाक्यावर राहायला जाणार असं सांगितल्यावर ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल झाली. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे, दिवसभर कंटेनरचीच कागदपत्रं. सगळे म्हणाले, आता संध्याकाळी स्वतःच कंटेनरमध्ये जाऊन बसा, सील आम्ही लावतो. हसले मीही. पण आमची जुनी इमारत धोकादायक म्हणून रिकामी करून घेतली होती, पनवेलमधली भाडी ऐकून घाम फुटत होता आणि सोबत आई होती. नाक मुरडायची चैन मला परवडणारी नव्हती.

नाका म्हणजे गावाबाहेरची लांबलचक पत्र्याची शेड. जकात होती तेव्हा तिच्याखाली ट्रकांची रांग लागायची. जकात गेली आणि नाका ओस पडला. कुत्री, दारुडे आणि मोडक्या हातगाड्या एवढंच उरलं. पालिकेने त्याच शेडखाली बंदरातून बाद झालेले कंटेनर आणले, दोन थर रचले, खिडक्या कापल्या, आतून प्लायवूड लावलं आणि खोल्या केल्या. भिंतीत घडी होणारा पलंग, ओट्याखाली सरकणारं टेबल, कोपऱ्यात न्हाणी. सगळं इतकं मोजूनमापून, की एकीने कूस बदलली तर दुसरीने उठून बसावं. अर्ज मी केला होता आणि सोडतीत नावही माझंच लागलं.

मला खोली आवडली, हे आधीच सांगून टाकते. वर शेडचं छप्पर असल्याने ती फारशी तापत नव्हती. आणि नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून माझ्या नावाच्या खोलीची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती.

नव्या घरात आधी मीठ न्यायचं ही आमच्याकडची रीत. आईचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं, त्यामुळे तिला त्या रीतीचं जरा जास्तच. जाड्या मिठाची बरणी पोटाशी धरून ती दारापर्यंत आली आणि थबकली.

"लोखंडात मीठ नाय न्यायचं," ती म्हणाली. "मीठ लोखंडाला खातं."

मिठागरावर अवजारं लाकडाची का असतात, हेही तिने मला तिथल्या तिथे समजावलं. मी म्हटलं, बरणी चिनी मातीची आहे, भिंतींना प्लायवूड आहे. पण ऐकेल ती आई कसली! शेडमध्ये जकात कारकुनाची जुनी केबिन तशीच उभी होती. तिच्या खिडकीच्या फळीवर आईने बरणी ठेवली. स्वयंपाक करता करता चमचा घेऊन तिथे जायचं आणि मीठ घेऊन यायचं. कंटाळा आला की वरण अळणी.

खरी गंमत पुढे झाली. शेजारच्या खोलीत एक मुस्लिम बाई राहायला आली, नवरा आखातात. तिने बरणी पाहिली आणि कंटेनरमध्ये मीठ ठेवायला बंदी असावी असं समजून आपलाही डबा मुकाट्याने फळीवर आणून ठेवला. तिचं बघून वरच्या थरातल्या बायकांनीही ठेवला. बघता बघता, जिथे जकातीच्या पावत्या फाडायचे तिथे सगळ्या नाक्याचं मीठ ओळीने मांडलं गेलं आणि संध्याकाळच्या गप्पाही तिथेच रंगायला लागल्या. शेजारीण आईला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. कामावरून येताना मी ते लांबूनच बघायचे. वाटायचं, रुळली आई.

कसली रुळते! माझा भाऊ नेऱ्याला राहतो, तिथल्या फार्महाऊसांच्या देखभालीची कामं घेतो, ऐसपैस घर आहे त्याचं. दिवाळीच्या आधी आईला त्याचा फोन आला, रविवारी तुला न्यायला येतो, आता इकडेच राहा. आईने मला न विचारता हो म्हटलं आणि पिशवी भरायला घेतली. मला आई जवळ हवी होती. चार कामं होतात म्हणून नाही, दमून आल्यावर कुणीतरी 'आलीस?' म्हणावं म्हणून.

तोंडाने मात्र मी भलतंच बोलले. म्हटलं, साधी बरणी आत आणवली नाही तुझ्याने, पहिल्या दिवसापासून तुझा पाय बाहेरच होता.

ती लुगड्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "लोखंडाचं काय घेऊन बसलीस. खोली तुझ्या नावाची हाय. मुलगा असताना लेकीचं मीठ खाल्लं, तर लोक त्याला नावं ठेवतात."

म्हणजे इतके दिवस ती स्वतःचं मीठ खात होती, बाहेरून आणून. हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, मी नवऱ्याकडून परत आले तेव्हा तू मला ठेवून घेतलंस, तेव्हा नाही ठेवली लोकांनी नावं?

"ठेवली की. मला ठेवली. मला चालतंय. पोराला नको."

तू गेलीस तर मला करमणार नाही, एवढंच मी कसंबसं म्हटलं. तिने पिशवीची चेन ओढली.

रविवारी भाऊ आला. आई पिशवी त्याच्या हातात देईल असं मला वाटलं होतं, पण तिने त्याला पलंगावर बसवलं आणि सरळ विचारलं, "मी हिच्याकडं राह्यले तर लोक तुला नावं ठेवतील. चालंल तुला?"

भाऊ बोलायला कंजूष. तो पिशवीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे.

"नेऱ्याला मी कामावर, तुझी सून कामावर," तो म्हणाला. "तू दिवसभर एकटी बसणार. लोक काय तुझ्याशी बोलायला येणार हायत? ठेवू दे नावं." आणि मला म्हणाला, भूक लागलीय, वाढ काहीतरी.

मी वाढलं. पहिल्याच घासाला तो थांबला आणि मीठ मागितलं. आई उठून बाहेर गेली. येताना तिच्या हातात चमचा नव्हता, अख्खी बरणी होती. ती तिने ओट्यावर ठेवली. भावाने वरणात मीठ कालवलं आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जाताना आईची पिशवी उचलून खोलीतल्या वरच्या फळीवर टाकायला तो विसरला नाही.

त्या आठवड्यात वरच्या थरात नवं बिऱ्हाड आलं. मी कामावर निघाले होते, आई दारात उभी होती. नव्या बाईने जिन्यावरूनच विचारलं, आजी, कुणाकडे आलात?

"आले नाय," आई म्हणाली. "लेकीकडं राहते मी."