लाल चौकटीतला म्हातारा

वेलचेरीच्या पुरात एक म्हातारा होडीत रडत बसला होता, असे एका छायाचित्रावरून आमच्या इमारतीत सगळे सांगतात. तो म्हातारा म्हणजे मी, आणि मी रडत नव्हतो. वाकून चप्पल शोधत होतो.

ते छायाचित्र काढणाऱ्याला मी पुढे एकदाच, त्याच्या प्रदर्शनात भेटलो. नाव विचारावेसे वाटले नाही. किडकिडीत माणूस, बोलताना समोरच्याकडे न पाहता सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राही. तो अजूनही फिल्म वापरतो. त्या दिवसाचे संपूर्ण रीळ एकाच कागदावर लहान लहान चित्रांत छापून त्याने भिंतीवर लावले होते. त्यात मी नावाड्याला वाट दाखवत होतो, शेजारणीचे मूल उचलून घेत होतो, खुद्द या गृहस्थावर ओरडत होतो. त्या सर्वांवर लाल पेन्सिलीची फुली होती. वाकलेल्या माझ्याभोवती मात्र ठळक चौकट.

"बाकीच्यांत काय खोट होती?" मी विचारले.

"खोट नाही, सार. पण रागावलेल्या म्हाताऱ्यासमोर कोणी थांबत नाही. दया आली की थांबतात."

"मला विचारले होतेत?"

"विचारले असते, तर तुम्ही छाती काढून उभे राहिला असता, सार."

माझ्या मुलाने त्याच्याकडून तेच चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावले आहे. आलेले पाहुणे आधी ते पाहतात आणि मग माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलू लागतात.