जमिनीत घुसलेले दगड

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रॅक्टिकल होतं. फेकलेल्या दगडाचं समीकरण घ्यायचं, त्यात पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ आणि पंच्याहत्तर अंशांचे कोन घालायचे आणि पायथनमध्ये कोड लिहून पाचही दगडांच्या वाटा एकाच आलेखावर काढायच्या. मागच्या खेपेला मी यातच नापास झालो होतो. पुन्हा आपटलो असतो तर पदवी लटकली असती. तरी माझा रुबाब असा, की उद्या यान सोडायचंय.

आदल्या दुपारी लॅपटॉप घेऊन मी नेकनूरजवळच्या आमच्या रानात बसलो होतो. हुरड्याचे दिवस, ज्वारीवर पाखरं तुटून पडलेली. आई माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती आणि मी खाली सावलीत विज्ञान करत होतो.

कोड चालला. पाच रंगांच्या पाच रेघा आल्या. मी खुशीत आईला खाली बोलावलं.

"हे बघ, तुझ्याच गोफणीची पाच दगडं."

आईनं पदरानं घाम पुसून स्क्रीनजवळ तोंड नेलं. दोन रेघा वर जाऊन खाली येत होत्या. उरलेल्या तीन सुटल्याबरोबर थेट खाली गेल्या होत्या.

"आरं, ही तीन दगडं भुईत कावून घुसलीत?"

"आई, संगणक चुकत न्हाई. गणित हाय ते, तुला न्हाई कळायचं."

"आसंल बाबा गणित. पन यवढ्या वर्सांत म्या एक बी दगूड भुईत घातला न्हाई."

खरं तर त्या रेघा मलाही खटकल्या होत्या. पण गोफणवालीनं माझी चूक काढायची म्हणजे काय! मी फणकाऱ्यानं लॅपटॉप मिटला. आई परत माळ्यावर चढली.

"आडवा मारला काय न् उबा मारला काय, जोर तेवडाच ठिवून दोनी एकाच जागी पाडते. तुज्या डब्याला जमतंय का बग."

तिनं एक गोटा सपाट सोडला, दुसरा आभाळात. दोन्ही बांधावरच्या बोरीखाली पडले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी बीडला कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी माझा आलेख हातात धरला.

"हे दगड आहेत की उंदीर? बिळात कसे शिरले? अर्धा तास देतो, शोधा."

मी कोड ओळीओळीनं वाचायला घेतला. वीस मिनिटांनी घोळ सापडला. कोडला कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये द्यावा लागतो आणि एक रेडियन म्हणजे सुमारे सत्तावन्न अंश. मी तीस अंश म्हणून दिलेले त्यानं तीस रेडियन धरले होते. म्हणजे बिचारा पावणेपाच गिरक्या घेऊन दगड सोडत होता.

एक ओळ बदलली आणि पाचही दगड वर उडाले. पण आता तीस आणि साठ अंशांचे दगड एकाच जागी पडले होते, पंधरा आणि पंच्याहत्तरचेही. मेलो, पुन्हा घोळ! मी पुसायला बोट उचललं आणि मला ती बोर आठवली. बोट तसंच खाली ठेवलं.

"तीस आणि साठ एकाच जागी कसे?" सरांनी विचारलं.

"जोर तेवढाच ठेवला तर आडवा मारला काय अन् उभा मारला काय, एकाच जागी पडतो, सर." मग अडखळत सूत्रही सांगितलं.

"उदाहरण कुठलं, पुस्तकातलं?"

"आईचं. ती गोफण मारते."

सर हसले आणि त्यांनी मला पास केलं.

संध्याकाळी एसटीतून उतरून रानात गेलो. वाटेत ठरवलं होतं, की आईला सगळं हळूच सांगायचं. पण माळ्यावरून तीच ओरडली, शेजारची दोन रानं ऐकतील अशी.

"निगाली का रं दगडं भुईतनं?"

"निगाली! पास झालो!"

आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवून मला लाज वाटत होती. मी टोपलं घेतलं आणि बांधापर्यंत जाऊन तिनं मारलेले गोटे वेचून आणले. सगळे जमिनीच्या वरच होते.