हैदराबादचं राहून गेलं

भूकंपात आमच्या लातूरजवळच्या मुरुडच्या घराची एक भिंत चिरली, एवढंच. पण किल्लारीच्या बाजूला दिलेली माझी मावशी झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. बाबा तिकडून परत आले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत माती होती. आंघोळ न करताच त्यांनी सगळ्यांची अंथरुणं बाहेर आणली. पुढं कित्येक महिने आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका ओळीत झोपलो. जमीन का हलली, हे मी भेटेल त्याला विचारायचे. पाप वाढलं म्हणून, असं लोक सांगायचे. मावशीचं काय पाप होतं, ते कुणी सांगत नव्हतं.

बारावीला लातूरला असताना भूगोलाच्या सरांकडून कळलं, की भूगर्भशास्त्र नावाचा विषय असतो. तो पुण्यात शिकता येईल, हैदराबादलाही येईल. मी हैदराबाद निवडलं. पुण्यात आमच्या बोलण्याला हसतात, असं चुलतभाऊ सांगायचा. हैदराबादेत निदान शेजारच्या शिंपीचाचांच्या घरी शिकलेली दखनी उर्दू चालली असती. प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागाही मिळाली.

बाबा शाळामास्तर. पोरींना शाळेत घाला म्हणून गावभर दारोदार फिरलेले. ते नाही म्हणतील, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कुठकुठली पोरं शिकाया लातुरात येऊन राहिलीत, आन् तू लातूर सोडून चाललीस?"

"इथं ते शिकवत नाहीत, बाबा."

"मग डॉक्टरकीचा क्लास लाव. परत परीक्षा दे."

"मला डॉक्टर व्हायचंच नाही."

बाबा म्हणाले, "जमीन परत हलली तर समदे एका जागी असावेत. मला परत कुणाला उकरून काढायचं न्हाई."

माय रडायला लागली. मी राहिले.

लातूरच्या क्लासमध्ये खचाखच भरलेल्या हॉलात बसून मी बेडकाचं हृदय पाठ केलं. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग नांदेड. नांदेड चाललं, कारण तिथं मामा होते. त्यांच्या घराजवळच्या कॉलेजात मिळाले ते विषय घेऊन बीएस्सी झाले.

त्याच वर्षी धाकट्या भावाला बंगळूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बाबा स्वतः सोडायला गेले आणि तिथल्या मेसच्या जेवणाचं कौतुक करत परत आले.

"आता जमीन हलली तर?" मी विचारलं.

"पोराची गोष्ट येगळी हाय," ते म्हणाले आणि पायातल्या चपला काढू लागले. जमीन जणू पोरींच्याच पायाखाली हलत होती.

आता मी लातूरच्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या दिवाळीत घरी पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, पोरगी एवढी हुशार, बाहेर का नाही पाठवली?

"आम्ही कुठं अडवलं?" बाबा हसले. "हिलाच घर सोडवलं न्हाई. लई मायाळू."

फराळाची ताटं माझ्या हातात होती. ती खाली ठेवून मी म्हणाले, "मला जायचं होतं, बाबा. हैदराबादला. तुम्ही जाऊ दिलं नाही."

पाहुण्यांनी ताटांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. खरंच आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं.

"काय की बाई," ते म्हणाले, "मला तर काईच ध्यानात न्हाई."