नाव नसलेल्या गोळ्या

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. ते हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी असोद्याच्या बाजारात उभं राहून पत्रकं वाटायचे. साप चावला तर मांत्रिकाकडे नेऊ नका! कावीळ हात धुऊन उतरत नाही, ते पाणी हाताला आधीच लावलेल्या रसाने पिवळं होतं! मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. अजूनही जाड अक्षरात उद्गारचिन्ह दिसलं की मला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. म्हणूनच ताईच्या बाबतीत आमच्या घराने जे केलं, ते मला अजून गिळता येत नाही.

ताईला पहिला झटका आला तेव्हा ती बारावीत होती. अंगणात कपडे वाळत घालताना कोसळली. शेजारच्या काकूंनी लगेच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. चार दिवसांनी आईचा भाऊ रावेरकडच्या एका वैदूकडून काळ्या दोऱ्यात ओवलेली मुळी घेऊन आला आणि ताईच्या मनगटाला बांधून मोकळा झाला. आबांनी कात्रीने दोरा कापला आणि मामाच्या हातात पत्रक ठेवलं. मामाने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"दाजी, मंग तिना हातले हाई पत्रकच बांधी दिऊ का?"

ताई खाटेवर पडल्या पडल्या हसली. आबा नाही हसले. ते तिला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मिरगीचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. ताई शिकली, बीएड झाली, शहरातल्या शाळेत लागली. रोज असोद्याहून बसने जायची, उभ्याने, पोरांच्या वह्यांची पिशवी खांद्याला लावून. सकाळ-संध्याकाळ एक गोळी घ्यायची, बस्स. आमच्या घरात आजार होता असं कोणाला आठवतही नव्हतं.

मग स्थळं यायला लागली.

एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. बोलणी करायला आलेल्यांपैकी कोणीतरी पाणी प्यायला आत आला, फ्रिजवर ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट त्याने उचललं, मोबाइलवर नाव टाकलं आणि मांडवाच्या गोष्टी बंद पडल्या. आईचं माहेर नरडाण्याजवळचं, राग आला की ती अहिराणीत बोलते. त्या दिवशी ती पाकीट हातात धरून बसली होती.

"पाकिटवर नाव शे ना, तेच नडनं. लोके नाव वाचतस, मंग नाव ठेवतस."

हे तिचं वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. नाव वाचायचं आणि मग नाव ठेवायचं. आजार तोच, मुलगी तीच, पण छापील नाव मात्र घरात नको. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून घडलं.

कोणीतरी आईला सांगितलं, जळगावात एक होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. मी म्हटलं, आबा नाही म्हणतील. आबा हो म्हणाले! मांत्रिकाला, वैदूला, हात धुणाऱ्याला दारातून हाकलणारा माणूस हो म्हणाला. "त्यांची रीतसर पदवी आहे," ते मला म्हणाले. "सरकारमान्य आहे. अंधश्रद्धा नाही ती." भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं असलं की आबांची सगळी उद्गारचिन्हं आडवी होत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी ताईबरोबर गेले होते, म्हणून खोटं लिहिणार नाही. ते डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी ताईशी एवढा वेळ गप्पा मारल्या, की बाहेरचे पेशंट चुळबुळ करायला लागले. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, मीठ जास्त आवडतं का, कशाची भीती वाटते. भीतीच्या प्रश्नाला ताई रडायला लागली. "मला मूल झालं तर त्याला होईल का हो हे?" तिने विचारलं. आजवर हा प्रश्न तिने आम्हाला कोणालाच विचारला नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांकडे एकदा धीर करून तोंड उघडलं होतं, तर त्यांनी मान वर न करता "लग्न ठरलं की या, मग बघू," म्हणून पुढच्या पेशंटची बेल वाजवली होती. लग्न ठरायचं कसं, हीच तर अडचण होती. म्हणजे ज्याच्याकडे औषध होतं त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि ज्याच्याकडे वेळ होता त्याच्याकडे साखरेच्या गोळ्या होत्या. मला दोघांचाही राग येतो. पहिल्याचा कदाचित जास्त.

कारण आमच्या भागात माणूस जातो तरी कुठे? गावात दवाखान्याची पाटी असते, तिच्यावर पदवीची अक्षरं असतात, ती अक्षरं कोणी वाचत नाही. होमिओपॅथी शिकलेला सुई टोचतो, सलाइन लावतो. आयुर्वेद शिकलेलाही तेच करतो. लोकांना तेच हवं असतं. तापाला, अंगदुखीला ते चालूनही जातं. पण एक डॉक्टर काय देतो ते दुसऱ्याला माहीत नसतं, आणि दोघांच्या मध्ये पेशंट गप्प उभा असतो. याचं औषध त्याला सांगितलं तर तो रागावेल, अशी भीती घेऊन.

तर, डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या डब्या दिल्या. साबुदाण्यासारख्या गोळ्या. झाकणावर पेनाने एक, दोन, तीन असे आकडे. नाव कुठेच नाही. "या चालू असताना त्या दुसऱ्या गोळ्या नकोत," ते म्हणाले. "त्यांच्याखाली माझं औषध दबून जातं. आणि कांदा, लसूण, कॉफी बंद."

आईने घरी आल्या आल्या डबी उलटी केली, पालथी केली, बूड पाहिलं. आणि तिचा चेहरा खुलला.

"हाई बेस शे. काहीच लिखेल नई."

पाकिटं कपाटात गेली. आणि आई पथ्याला लागली. आमच्याकडे पथ्य म्हणजे व्रतच. खान्देशातल्या स्वयंपाकघरातून लसूण काढायचा म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. ठेचा गेला, शेवभाजी गेली, वरणाची फोडणी मुकी झाली. ताईसाठी वेगळं पातेलं आलं. आई ते इतक्या निष्ठेने करत होती की तिला चूक म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. आबांना मात्र मी म्हटलं. जेवताना, सगळ्यांसमोर.

"आबा, तुमच्या पत्रकात लिहिलंय, झटक्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका."

"डॉक्टरनेच सांगितलंय ना बंद करायला."

"ज्याने सुरू केल्या त्याला विचारलं का?"

"तू अजून लहान आहेस," आबा म्हणाले. मग घास हातात धरून हळूच म्हणाले, "तिचं जमलं नाही, तर तुझंही अडेल." मला कळायच्या आत ताई उठून हात धुवायला निघून गेली. आणि दुसऱ्या दिवशी तिने मला बजावलं, "तू मध्ये पडू नको. माझ्यामुळे तुझं अडलं हे मला नाही ऐकायचं." गोळ्या बंद ठेवायला ती माझ्यासाठी तयार झाली होती. मला कोणी विचारलंच नव्हतं!

झटका आला तो ताई भाकरी भाजत असताना. आई मागच्या दारी होती. मी धावत आले तोवर ताईचा उजवा हात तव्यावर पडलेला होता. पुढचं लिहीत नाही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर मुलगी जेमतेम माझ्या वयाची होती. तिने एका हाताने सुई तयार करत विचारलं, "काय औषध चालू आहे? नाव सांगा."

आबांनी खिशातून पांढरी डबी काढली.

"नाव सांगा ना, काका."

"यावर नाव नाही," आबा म्हणाले. सभेत माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा आबांचा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. "दोन नंबर आहे."

"आणि आधीच्या गोळ्या?"

"त्या बंद केल्या."

ती मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली. रोज बघत असावी.

मी त्या भल्या गृहस्थांकडे पुन्हा गेले, एकटी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पथ्य पाळलं होतं ना? लसूण?" मला आईचं ते वेगळं पातेलं आठवलं आणि मी त्यांच्या दवाखान्यात, बाकावरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. काय बोलले ते अर्धं आठवत नाही. बरं वाटलं तर औषधाचा गुण, नाही वाटलं तर आमच्या आईचा दोष, हा कुठला हिशेब, असं काहीतरी. सर्दीला, पुरळाला कोणाला त्या गोळ्या घ्यायच्या असतील तर घ्याव्यात, मी आडवी येणार नाही. पण चालू औषध बंद करायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी रावेरच्या त्या मुळीवाल्यापेक्षा वाईट. मुळीवाल्याने निदान दुसरं काही बंद करायला सांगितलं नव्हतं.

जुन्या गोळ्या परत सुरू झाल्या. पाकीट परत फ्रिजवर आलं. ताईने स्वतः ठेवलं. हाताला मात्र कोपरापर्यंत डाग राहिला.

पुढचं स्थळ पारोळ्याकडचं आलं. मुलगा, त्याची आई, एक काका. ताई पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा पदर डागावरून घसरला.

"हे काय झालं हाताला?" काकांनी विचारलं.

"तेल उडनं," आई आतूनच म्हणाली.

"तेल नाही," ताई म्हणाली. "मला मिरगी आहे. गोळ्या बंद केल्या होत्या म्हणून झटका आला आणि हात तव्यावर पडला. आता गोळ्या चालू आहेत. चालू असल्या की काही होत नाही."

आबांनी खाली पाहिलं. काकांनी शेवेची वाटी मुलाकडे सरकवली. "घे, शेव घे. शेव छान शे."

मी मागे मोरीशी पाणी द्यायला उभी होते. मुलाची आई हात धुवायला आली. हात धुऊन झाले तरी ती जाईना. पदराच्या टोकाने हात पुसत राहिली आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली,

"पोरी, त्या गोयीनं नाव काय म्हने?"

"कोणासाठी, काकू?"

"शे एक जन घरमा." तिने दाराकडे पाहिलं. "आमी नुसता दोरा बांधेल शे."

मी म्हटलं, नुसतं नाव घेऊन चालत नाही, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, गोळी तो ठरवेल. ती म्हणाली, दाखवते, पण कशाचा डॉक्टर, काय गोळी, ते लिहून दे. कागद शोधायला आत जावं लागलं असतं. तिने तळहात पुढे केला. ओलसर तळव्यावर पेन नीट चालत नव्हतं, मी दोन-दोनदा गिरवून लिहिलं.

निघताना सगळ्यांनी हात जोडले. तिने जोडले नाहीत. उजवी मूठ मिटून पदराखाली धरली होती.

दुसऱ्या दिवशी नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका त्यांनीच आधी जुळवून पाहिली होती. आई ओट्याशी बसून रडली आणि म्हणाली, "तेल सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ताई शाळेत निघाली होती. मोरीशी काय झालं ते मी तिला रात्रीच सांगितलं होतं. वह्यांची पिशवी खांद्याला लावताना तिने मला बाजूला घेतलं.

"तिच्या हातावर स्पेलिंग बरोबर लिहिलंस ना?"